अयुथया : भग्न विहारांच्या शेजारी दोन रात्रींचा मुक्काम

गेल्या काही वर्षांत आपल्या समाजातील अनेक कुटुंबे थायलंडला जाऊन येऊ लागली आहेत. कोणी नोकरीच्या निमित्ताने जातात, कोणी धम्मसहलीच्या गटाबरोबर, तर कोणी केवळ पर्यटनासाठी. बहुतेक सहलींच्या कार्यक्रमपत्रिकेत ‘अयुथया – अर्धा दिवस’ अशी एक ओळ असते. सकाळी बँकॉकहून बसने निघायचे, तीन-चार भग्न विहार पाहायचे, पिंपळाच्या मुळांनी वेढलेल्या प्रसिद्ध बुद्धमस्तकाचे छायाचित्र घ्यायचे आणि दुपारच्या जेवणानंतर परत फिरायचे, असा तो क्रम. एवढ्या घाईत डोळ्यांना विटांचे ढिगारे दिसतात, शिरच्छेद झालेल्या मूर्ती दिसतात आणि मनात केवळ हळहळ उरते.

या लेखात सांगायचे आहे ते एवढेच की, अयुथयाला धावती भेट देण्याऐवजी तेथील एखाद्या लहानशा गेस्ट हाऊसमध्ये किमान दोन रात्री मुक्काम करावा. दिवसाच्या उन्हात जे नगर मृत वाटते, तेच पहाटे आणि संध्याकाळी किती जिवंत आहे, हे तेथे राहिल्याशिवाय कळत नाही. धम्म दगडविटांत टिकतो की माणसांच्या नित्याच्या आचरणात, या प्रश्नाचे उत्तरही त्या मुक्कामात आपोआप मिळू लागते. निवासी शाळेत वाढलेल्या आपल्यासारख्यांना तर ते उत्तर विशेष जवळचे वाटेल.

नगराची उभारणी आणि विनाश

अयुथया हे नगर बँकॉकच्या उत्तरेस सुमारे ८० किलोमीटरवर आहे. चाओ फ्राया, लोपबुरी आणि पा साक या तीन नद्यांनी वेढल्यामुळे ते एखाद्या बेटासारखे झाले आहे. इ. स. १३५० मध्ये या बेटावर राजधानी स्थापन झाली आणि पुढे ४१७ वर्षे ती सयाम देशाची राजधानी राहिली. नगराचे नाव रामायणातील अयोध्येवरून घेतलेले असले, तरी नगराचा आत्मा बौद्ध होता. समुद्रातून नदीमार्गे आत येणारी चिनी, जपानी, पोर्तुगीज, डच, फ्रेंच आणि इराणी व्यापाऱ्यांची गलबते येथे थांबत. नदीकाठी त्यांच्या स्वतंत्र वसाहती होत्या आणि बेटावर शेकडो विहारांची शिखरे दिसत.

१७६६ पासून ब्रह्मदेशाच्या सैन्याने नगराला दीर्घ वेढा घातला आणि ७ एप्रिल १७६७ रोजी नगर पडले. राजवाडा, ग्रंथालये, विहार आणि घरे आगीच्या भक्ष्यस्थानी पडली. ‘वात फ्रा श्रीसन्फेत’ या राजविहारात सोन्याच्या पत्र्याने मढवलेली सुमारे १६ मीटर उंचीची उभी बुद्धमूर्ती होती. तिचे सोने वितळवून नेण्यात आले. पुढे १७८२ मध्ये बँकॉक राजधानी झाली, तेव्हा नव्या नगराच्या तटबंदीसाठी अयुथयातील पडक्या भिंतींच्या विटा नावांतून वाहून नेल्या गेल्या. मोडलेल्या घराचे वासे नव्या घराला लावावेत, तसा हा प्रकार होता.

येथे एक कटू सत्य नजरेआड करता येत नाही. नगर जाळणारे आणि जळणारे, दोघेही बुद्धाला वंदन करणारे होते. पंचशील मुखोद्गत असणे वेगळे आणि ते राज्यकारभारात उतरणे वेगळे, हा धडा अयुथयाच्या राखेत लिहिलेला आहे. ‘आपण बौद्ध आहोत’ एवढे म्हटल्याने हिंसा थांबत नाही. ती थांबवण्यासाठी शील रोज पाळावे लागते.

त्यानंतरची घटनाही तितकीच महत्त्वाची आहे. राजवाड्याजवळच ‘विहान फ्रा मोंगखोन बोफित’ नावाची वास्तू आहे. तिच्यात थायलंडमधील मोठ्या कांस्यमूर्तींपैकी एक बुद्धमूर्ती विराजमान आहे. १७६७ च्या आगीत छप्पर कोसळल्यानंतर ही मूर्ती दीर्घकाळ उघड्यावर होती. १९५० च्या दशकात ब्रह्मदेशाच्या पंतप्रधानांनी अयुथयाला भेट दिली आणि या विहाराच्या पुनर्बांधणीसाठी दोन लाख बाट देणगी दिली. ज्या देशाच्या सैन्याने छप्पर जाळले, त्याच देशाने ते पुन्हा उभारण्यास हातभार लावला. वैराने वैर शमत नाही, ही तथागतांची शिकवण येथे एका छपराच्या रूपाने पाहायला मिळते.

गेस्ट हाऊसचे स्वरूप

अयुथयातील लहान गेस्ट हाऊस म्हणजे हॉटेल नव्हे. बहुधा ते एखाद्या कुटुंबाचे राहते घर असते. तळमजल्यावर कुटुंब राहते, वरच्या मजल्यावर किंवा अंगणाच्या कडेला पाहुण्यांच्या पाच-दहा खोल्या असतात. काही घरे जुन्या सागवानी लाकडाची आणि खांबांवर उचललेली आहेत, कारण हा प्रदेश सखल आहे आणि पावसाळ्याच्या अखेरीस नद्यांना पूर येतो. २०११ च्या महापुरात अनेक प्राचीन विहार कित्येक दिवस पाण्यात उभे होते.

बँकॉकहून रेल्वेने दीड-दोन तासांत अयुथया स्थानक येते. स्थानक नदीच्या पूर्व काठावर आहे. लहानशा नावेतून पा साक नदी ओलांडली की आपण बेटावर पोहोचतो आणि तेथून अनेक गेस्ट हाऊस पायी जाण्याच्या अंतरावर असतात. दारात पादत्राणे काढून ठेवायची, पारपत्र दाखवायचे आणि नोंदवहीत नाव लिहायचे. परदेशी पाहुणा मुक्कामाला आला की चोवीस तासांच्या आत त्याची माहिती शासनाला कळवणे घरमालकावर कायद्याने बंधनकारक आहे, म्हणून पारपत्राची प्रत मागितली तर मनात शंका आणू नये.

पावती मिळाली की तिच्यावरील वर्षाचा आकडा पाहावा. इ. स. २०२५ साठी तेथे २५६८ असे लिहितात. थायलंडमध्ये दैनंदिन व्यवहारातही बुद्धाब्द चालतो. तो इसवी सनात ५४३ मिळवून येतो. आपल्याकडे, श्रीलंकेत आणि ब्रह्मदेशात बुद्धाब्दाची गणना एका वर्षाने पुढे असते. म्हणूनच २५०० वी बुद्ध जयंती आपण १९५६ साली साजरी केली, तर थायलंडने १९५७ साली. खोलीच्या भाड्याच्या पावतीवर, रेल्वेच्या तिकिटावर आणि दुकानातील दिनदर्शिकेवर तथागतांच्या महापरिनिर्वाणापासून मोजलेले वर्ष पाहताना आपल्या मनाला जे वाटते, ते कोणत्याही मार्गदर्शकाला सांगता येणार नाही.

घरातील वयस्कर स्त्रीला सगळे ‘पा’ म्हणतात. थाई भाषेत ‘पा’ म्हणजे आईची किंवा वडिलांची थोरली बहीण. आपण जसे ओळख नसतानाही ‘मावशी’ म्हणतो, तसेच. बहुतेक गेस्ट हाऊसमध्ये भाड्याने सायकली मिळतात. बेटाचा रस्ता सपाट आहे, विहार एकमेकांपासून फार दूर नाहीत, त्यामुळे सायकल हेच तेथील उत्तम वाहन. शाकाहारी जेवण हवे असल्यास ‘मांगसविरात’ हा शब्द सांगावा. तो आपलाच ‘मांसविरती’ आहे.

ओळखीचे शब्द, ओळखीची आसने

थोडी पाली येणाऱ्या माणसाला अयुथयात परके वाटत नाही. तेथील फलकांवरचे शब्द जरा कान देऊन ऐकले की ओळखू येतात. ‘विहान’ म्हणजे विहार, ‘चेदी’ म्हणजे चेतिय अर्थात चैत्य, ‘उबोसोत’ म्हणजे उपोसथागार. ‘वात महाथात’ हा महाधातूचा, म्हणजे बुद्धधातू ठेवलेला विहार. ‘श्रीसन्फेत’ मधील ‘सन्फेत’ हा सर्वज्ञ. ‘चैवत्थनाराम’ म्हणजे जयवर्धनाराम. भिक्खूंच्या भिक्षाटनाला ‘बिन्थबात’ म्हणतात, तो पिंडपात होय. पुण्याला ‘बुन’ म्हणतात. नमस्कारासाठी उच्चारला जाणारा ‘सवात्दी’ हा शब्दसुद्धा ‘स्वस्ति’ वरून घडवलेला आहे.

शब्दांप्रमाणे शिल्पांतही ओळख सापडते. राजवाड्याच्या उत्तरेस, पाण्याच्या पलीकडे ‘वात ना फ्रा मेन’ आहे. १७६७ च्या विध्वंसातून वाचलेल्या मोजक्या विहारांपैकी हा एक. त्याच्या शेजारच्या लहान विहारात अयुथयाच्याही कित्येक शतके आधीच्या द्वारवती काळातील पाषाणाची बुद्धमूर्ती आहे. ही मूर्ती पद्मासनात नाही. तथागत आसनावर बसले आहेत आणि दोन्ही पाय खाली सोडलेले आहेत. या आसनाला प्रलंबपादासन म्हणतात. ज्यांनी वेरूळच्या दहाव्या लेण्यातील किंवा अजिंठ्याच्या सव्विसाव्या लेण्यातील चैत्यगृह पाहिले असेल, त्यांना ही बैठक चटकन ओळखू येईल. महाराष्ट्राच्या कातळातील तथागत आणि मेनाम खोऱ्यातील तथागत एकाच रीतीने बसलेले पाहिले, की समुद्रापलीकडचे अंतर कमी होते.

वात महाथातच्या मुख्य प्रांगाखाली, म्हणजे उंच शिखराच्या खाली, १९५६ साली थायलंडच्या ललितकला विभागाला धातूंची मंजूषा सापडली. एकात एक अशा अनेक करंड्यांत हे धातू ठेवलेले होते. ती मंजूषा आता अयुथयातीलच ‘चाओ साम फ्राया’ राष्ट्रीय संग्रहालयात आहे. आपल्याकडे १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी नालासोपाऱ्याच्या स्तूपात उत्खनन केले, तेव्हा तेथेही अशीच एकात एक ठेवलेली करंड्यांची रचना आढळली होती. सोपाऱ्याचा स्तूप किती जणांनी पाहिला आहे, हा प्रश्न प्रत्येकाने स्वतःला विचारून पाहावा.

पहाटेची वेळ

मुक्कामाचे खरे फळ पहाटे मिळते. सहाच्या सुमारास भगव्या चीवरातील भिक्खू अनवाणी, एका ओळीत, भिक्षापात्र घेऊन शांतपणे रस्त्याने येतात. त्यापूर्वीच गेस्ट हाऊसच्या स्वयंपाकघरात दिवा लागलेला असतो. भात शिजवलेला असतो, भाजीच्या लहान पिशव्या बांधलेल्या असतात. घरातील माणसे रस्त्याच्या कडेला उभी राहतात, पादत्राणे काढतात, पात्रात अन्न ठेवतात आणि गुडघे टेकून वंदन करतात. भिक्खू पालीतून मंगलवचने म्हणतात आणि पुढे जातात. कोणी कोणाशी फारसे बोलत नाही. दहा मिनिटांत सारे आटोपते आणि मग मुले शाळेला निघतात, दुकाने उघडतात.

पाहुण्यालाही या दानात सहभागी होता येते. आदल्या संध्याकाळी घरमालकिणीला तसे सांगून ठेवावे. काही नियम मात्र पाळावेत. अन्न ताजे असावे. आपण भिक्खूंपेक्षा उंच जागी उभे राहू नये. स्त्रियांनी भिक्खूंना स्पर्श करू नये आणि वस्तू थेट हातात देऊ नये. ओळीसमोर आडवे येऊन छायाचित्रे काढू नयेत. भिक्खू मध्यान्हानंतर भोजन करत नाहीत, त्यामुळे सकाळचे हे दान हाच त्यांच्या दिवसाचा आधार असतो.

पुस्तकांत ‘पिंडपात’ हा शब्द आपण अनेकदा वाचलेला असतो. अयुथयात तो शब्द रस्त्यावरून चालत येतो. ज्या घराच्या खिडकीतून १७६७ मध्ये जळलेला विहार दिसतो, त्याच घराच्या दारात आजही भिक्षापात्रात भात पडतो. विहार पडला तरी पात्र रिकामे राहिले नाही, ही गोष्ट अर्ध्या दिवसाच्या सहलीत कधीच दिसणार नाही, कारण बस येईपर्यंत भिक्खू परतलेले असतात.

संध्याकाळी प्राचीन विहारांची फाटके बंद होतात. काही विहारांवर दिवे लावले जातात आणि बाहेरच्या रस्त्यावरून ती शिखरे शांतपणे पाहता येतात. सकाळी आठ आणि संध्याकाळी सहा वाजता सार्वजनिक ठिकाणी राष्ट्रगीत वाजते. त्या वेळी सगळे जागच्या जागी थांबतात. आपणही थांबावे.

भग्न मूर्तींसमोरचे वर्तन

अयुथयातील शेकडो मूर्तींना शिर नाही. सर्वच शिरे १७६७ मध्ये तुटली, असे नाही. पुढच्या काळात दफिनांच्या लोभाने खणणाऱ्यांनी आणि पुराणवस्तूंच्या बाजारासाठी चोरी करणाऱ्यांनीही मूर्ती फोडल्या. १४२४ साली बांधलेल्या ‘वात राचबुराना’ च्या तळघरातील सुवर्णवस्तू १९५७ च्या सुमारास चोरांनी लुटल्या. चोर पकडले गेले, पण ऐवजाचा काही भागच परत मिळाला. १९६१ साली पुराणवस्तूंच्या संरक्षणाचा कायदा झाला आणि त्याच वर्षी चाओ साम फ्राया संग्रहालय उघडले. बुद्धमूर्ती देशाबाहेर नेण्यासाठी ललितकला विभागाची परवानगी लागते. म्हणून बाजारात कोणी ‘जुनी मूर्ती’ स्वस्तात देऊ केली, तर ती घेऊ नये.

थाई माणूस भग्न मूर्तीला भग्न म्हणून टाकून देत नाही. शिर नसलेल्या मूर्तीच्या खांद्यावरही केशरी वस्त्र पांघरलेले दिसते, पायाशी फूल आणि उदबत्ती दिसते. म्हणूनच तुटलेल्या मूर्तीच्या मानेवर स्वतःचे डोके ठेवून छायाचित्र काढणे हा तेथे मोठा अवमान समजला जातो. वृक्षमुळांतील बुद्धमस्तकासमोर छायाचित्र काढताना खाली बसावे, आपले डोके त्या मस्तकापेक्षा उंच राहू देऊ नये. मूर्तीकडे पाय करून बसू नये. चेदीवर चढू नये. खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे घालावेत.

हे नियम केवळ परदेशासाठी नाहीत. आपल्या लेण्यांत भिंतींवर नावे कोरणारे, स्तूपाला टेकून डबा खाणारे आणि शिल्पांवर मुले बसवून छायाचित्रे घेणारे आपण पाहतो. अयुथयातून परत आलेल्या माणसाने कार्ल्याला, कान्हेरीला किंवा नाशिकच्या लेण्यांत गेल्यावर वेगळे वागावे, एवढे जरी घडले तरी प्रवासाचा खर्च भरून निघाला असे समजावे.

विटा जळाल्या, परंपरा टिकली

बेटाच्या पश्चिमेस, नदीपलीकडे ‘वात थम्माराम’ म्हणजे धम्माराम विहार आहे. सहलीच्या बस येथे क्वचितच थांबतात. गेस्ट हाऊसमधून सायकलने मात्र तेथे सहज जाता येते. अयुथयाचा सर्वांत मोठा वारसा कोणत्याही शिखरात नसून या साध्या विहाराच्या इतिहासात आहे, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

अठराव्या शतकाच्या मध्यास श्रीलंकेतील भिक्खुसंघाची उपसंपदा-परंपरा खंडित झाली होती. श्रामणेर होते, पण नव्याने भिक्खू करण्यासाठी आवश्यक तेवढे उपसंपन्न भिक्खू उरले नव्हते. श्रामणेर वेलिविट सरणंकर यांच्या प्रयत्नाने कँडीचा राजा कीर्ती श्री राजसिंह याने सयामकडे दूत पाठवले. त्याआधीचे प्रयत्न निष्फळ ठरले होते. या वेळी अयुथयाचा राजा बोरोममकोत याने धम्माराम विहारातील उपाली महाथेर आणि त्यांच्यासोबतच्या भिक्खूंना श्रीलंकेस रवाना केले. डचांच्या जहाजांची मदत घेत, दीर्घ समुद्रप्रवास करून ते १७५३ मध्ये कँडीला पोहोचले आणि त्याच वर्षी तेथे पुन्हा उपसंपदा सुरू झाली. श्रीलंकेतील ‘सियाम निकाय’ तो हाच. उपाली महाथेर मायदेशी परतले नाहीत. १७५६ मध्ये कँडी येथेच त्यांचे निधन झाले.

त्यानंतर अवघ्या अकरा वर्षांत अयुथया जळाले. ज्या नगराने दुसऱ्या देशाला दिवा दिला, त्याचे स्वतःचे दिवे विझले. पण दिलेला दिवा विझला नाही. याच सियाम निकायातील हिक्कडुवे सुमंगल महाथेर हे पुढे अनागारिक धर्मपालांनी १८९१ साली स्थापन केलेल्या महाबोधी सभेचे पहिले अध्यक्ष झाले. बोधगयेच्या उद्धाराची चळवळ या सभेने उभी केली. परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९५० साली श्रीलंकेतील आणि १९५४ साली ब्रह्मदेशातील जागतिक बौद्ध परिषदेस उपस्थित राहिले. आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर ज्यांच्याकडून त्यांनी त्रिशरण-पंचशील ग्रहण केले, ते भदन्त चंद्रमणी महास्थवीर ब्रह्मदेशातून भारतात आलेले भिक्खू होते.

धम्माच्या इतिहासात देश एकमेकांचे ऋण फेडत आलेले दिसतात. सयामने लंकेकडून घेतले आणि लंकेला परत दिले. भारताने सर्वांना दिले आणि शेवटी सर्वांकडून परत घेतले. विहार जळू शकतात, सोने वितळू शकते. एका माणसाकडून दुसऱ्या माणसाकडे पोहोचलेले शील आणि ज्ञान मात्र लुटारूंच्या हाती लागत नाही.

न पटणाऱ्या गोष्टी

थायलंडमध्ये जे जे दिसेल ते सारे आपण स्वीकारावे, असे मुळीच नाही. गेस्ट हाऊसच्या अंगणातच एका खांबावर लहानसे घर दिसेल. त्यात जागेचा रक्षक आत्मा राहतो, अशी समजूत असते. त्याच्यासमोर हार, उदबत्ती आणि लाल रंगाच्या सरबताची बाटली ठेवलेली असते. गळ्यात ताईत म्हणून बुद्धप्रतिमा घालण्याची प्रथाही तेथे फार मोठी आहे. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या आपल्या मनाला हे खटकते आणि ते खटकावेच.

स्त्रियांच्या बाबतीतही असेच आहे. पहाटे भिक्षापात्रात भात वाढणारे हात बहुतांशी स्त्रियांचे असतात. परंतु १९२८ च्या संघराजांच्या आदेशानुसार थायलंडमधील भिक्खूंना स्त्रियांना प्रव्रज्या देता येत नाही. म्हणूनच धम्मानंदा भिक्खुनी यांना २००३ साली उपसंपदेसाठी श्रीलंकेस जावे लागले. म्हणजे ज्या लंकेला अयुथयाने भिक्खुसंघ परत दिला, त्या लंकेने थायलंडच्या एका कन्येला भिक्खुनी केले. ऋणाची ती साखळी अजूनही चालू आहे.

पाहुण्याने अशा वेळी घरमालकाशी वाद घालू नये आणि मनात तुच्छताही बाळगू नये. प्रत्येक बौद्ध देशात धम्म तेथील लोकजीवनाशी मिसळून वाढला. बाबासाहेबांनी आपल्याला जो धम्म दिला, तो विवेकाच्या कसोटीवर घासून दिला. आपण इतरांकडून रोजच्या आचरणाची शिस्त शिकावी आणि आपला विवेक सोबत ठेवावा.

विहार आणि वसतिगृह

शेवटचा मुद्दा आपल्या शाळेच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा. अयुथयाच्या जिवंत विहारांच्या आवारात अनेकदा शाळेची इमारत दिसते. थायलंडमध्ये विहार हीच मुलांची पहिली शाळा होती. राजा चुलालोंगकोर्न याने १८९८ मध्ये प्रांतोप्रांती शिक्षण पोहोचवण्याचे काम राजपुत्र-भिक्खू वचिरयान यांच्याकडे सोपवले, तेव्हा नव्या शाळांसाठी विहारांचाच आधार घेतला गेला. खेड्यातील गरीब मुले विहारात राहत, भिक्खूंची कामे करत आणि शिकत. त्यांना ‘देक वात’ म्हणजे विहाराची मुले म्हणतात. ही प्रथा अजूनही पूर्णपणे संपलेली नाही.

आपल्या भूमीतही निवास आणि शिक्षण यांचे नाते असेच होते. ‘लेणे’ हा शब्दच ‘लयन’ म्हणजे राहण्याची जागा यावरून आला आहे. कान्हेरीच्या डोंगरात दगडी बाके, कोठड्या आणि पाण्याच्या टाक्या आहेत. शिलालेखांत त्या टाक्यांना ‘पोढी’ म्हटले आहे आणि त्या कोणी दान दिल्या हेही कोरलेले आहे. वर्षावासात भिक्खू तेथे राहत, शिकत आणि शिकवत. आज आपण तेथे काही तासांसाठी जातो, ते मात्र मुळात राहण्यासाठी कोरलेले होते.

बाबासाहेबांनी हे नाते पुन्हा जोडले. बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ साली सोलापुरात वसतिगृह सुरू केले. पुढे १९५० साली औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालय उभे राहिले. ज्यांच्यासमोर मिलिंद राजाने आपले प्रश्न मांडले त्या भदन्त नागसेनांचे नाव महाविद्यालयाच्या परिसराला मिळाले, तेच आपले नागसेनवन. गावापासून दूर येऊन एकत्र राहायचे, एका पंगतीत जेवायचे, पहाटे उठून वंदना म्हणायची आणि अभ्यासाला बसायचे, ही आपल्या शाळेची दिनचर्या त्याच परंपरेतील आहे. आपल्यातील कित्येकांच्या घरात त्यांच्या आधी कोणी शाळेची पायरी चढलेले नव्हते. ज्या पालकांनी लहान मुलाला पत्र्याची पेटी देऊन वसतिगृहाच्या दारात सोडले आणि डोळे पुसत एस. टी. गाठली, त्यांनी नकळत धम्माराम विहाराचेच काम केले. परंपरा पुढे नेण्यासाठी त्यांनी आपले मूल दिले.

जाणाऱ्यांसाठी काही सूचना

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ अयुथयासाठी उत्तम. एप्रिलमध्ये ऊन असह्य होते आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पुराचा संभव असतो. पहिल्या दिवशी दुपारी पोहोचून संध्याकाळी बाहेरूनच विहार पाहावेत. दुसऱ्या दिवशी पहाटे पिंडपात, सकाळी वात महाथात, राचबुराना आणि श्रीसन्फेत, दुपारी संग्रहालय, तर संध्याकाळी नदीपलीकडचा १६३० साली बांधलेला चैवत्थनाराम. तिसऱ्या दिवशी सकाळी ना फ्रा मेन आणि धम्माराम. स्थानकाच्या वाटेवर ‘वात फनान चोएंग’ ला जावे. राजधानी वसण्याच्याही आधी, १३२४ साली घडवलेली तेथील विशाल बुद्धमूर्ती आजही पूजेत आहे. तिच्यासमोर बसलेल्या उपासकांची गर्दी पाहूनच अयुथयाचा निरोप घ्यावा.

परदेशी जाणे सर्वांना शक्य नसते आणि त्याची गरजही नाही. आपल्या जिल्ह्याच्या आसपास कोठे ना कोठे लेणे असतेच. माजी विद्यार्थ्यांनी वर्षातून एकदा शाळेतील मुलांना घेऊन लेण्याजवळच्या गावात रात्रीचा मुक्काम करावा, पहाटे लेण्यापाशी जाऊन वंदना घ्यावी, परिसर झाडून स्वच्छ करावा आणि तेथील एखादा शिलालेख मुलांना समजावून सांगावा. पुढील वर्षीच्या मेळाव्यात अशा एका मुक्कामाची तारीख ठरली, तर या स्मरणिकेचे प्रयोजन सफल झाले असे मानता येईल.